धडधड कुणाची, चक्कीची की माझी

पीठ पडतं त्या तोंडाशी तळहात धरला की दगड किती घट्ट बसलेत ते मला कळतं. पीठ कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर दगड जास्त जवळ आलेत; आणखी दोन मिनिटं तसंच चालू दिलं तर पिठाची विरी जाईल आणि ज्वारीची भाकर थापताना चिरेल. चिमूटभर पीठ अंगठ्याखाली चोळलं की दगडांना टाकी लावायला झाली का, तेही समजतं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सतरा वर्षांपासून चक्की चालवते. यंत्राला काय होतंय ते मला कुणी सांगावं लागत नाही. पण माझ्याच छातीत काय चाललंय, ते मात्र तीन वर्षांपूर्वी मला अजिबात समजत नव्हतं.

२०२२च्या मे महिन्यात माझा दादा गेला. वय ४७. साखरेचा आजार होता, गोळ्या कधी घ्यायचा, कधी नाही. रात्री जळजळ होते म्हणून सोडा पिऊन झोपला तो सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट ॲटॅक.

त्याच वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. चक्कीवर डब्यांची रांग लागलेली. कुणाचे अनारशाचे तांदूळ, कुणाची बेसनाची डाळ, कुणाची भाजणी. थ्री-फेज दहाला आली होती आणि दोनला जाणार होती, त्यामुळे श्वास घ्यायला सवड नव्हती. डाळ पेटीत ओतली आणि एकदम छातीत धडधडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या. ओठांभोवती बधिर झालं, घसा कुणी आवळून धरल्यासारखा, हातपाय गार. डोक्यात एकच गोष्ट: दादाला झालं तेच आता मला होतंय. मी मटकन खाली बसले. रांगेतली मावशी ओरडली, "बाई व! मोटर बंद करा रे कोनी!"

दारव्ह्याला ईसीजी काढला, चांगला आला. मग दोन-तीन महिन्यांत असं पाच वेळा झालं. यवतमाळ झालं, नागपूर झालं. टू-डी इको, पट्ट्यावर चालवायची ती टीएमटी, थायरॉइड. सगळं नॉर्मल. सोयाबीनचे अठरा हजार त्यात गेले. एका डॉक्टरांनी फाइल मिटून हातात दिली आणि म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." मनाचे खेळ असतील तर बोटांना मुंग्या का आल्या, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारलं नाही. एसटीत बसून घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर होता.

त्याचं उत्तर मला पुढे एका समुपदेशक मॅडमनी दिलं. भाची नर्सिंगला आहे, तिनेच मला त्यांच्याकडे नेलं. भीतीत आपण भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. म्हणजे मुंग्या खऱ्या होत्या. त्यांचा मी लावलेला अर्थ चुकीचा होता. एवढं एक वाक्य मला पहिल्याच दवाखान्यात कुणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी महिने वाचले असते, असं मला आजही मनापासून वाटतं.

त्या दिवशी मॅडमनी फाइल उघडलीच नाही. विचारलं, "ताई, आत्ता पोटात काय वाटतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे रिकामं आहे, भरलेलं आहे, की कळत नाही?"

मला सांगता येईना. सकाळपासून मी दोन कप चहावर होते. पहाटेची पाचची गाडी धरून आले होते. पण भूक लागली आहे हे त्या खुर्चीत बसून मला खरोखर समजत नव्हतं.

शरीराच्या आतून येणाऱ्या या खबरींना शास्त्रात इंटरोसेप्शन म्हणतात. भूक, तहान, धडधड, श्वास, पोटातली कळ, लघवीची भावना, अंगातली उष्णता, सगळं त्यात आलं. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली आतल्या बाजूच्या संवेदनांसाठी 'इंटरोसेप्टिव्ह' हा शब्द वापरला, त्यावरून हे नाव आलं. छाती-पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी व्हेगस नावाची लांब नस आहे. तिच्यातले जवळपास ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे अवयवांकडून मेंदूकडे खबर नेणारे असतात. हे ऐकून मला फार नवल वाटलं. माझी समजूत होती की मेंदू हुकूम सोडतो आणि बाकीचं अंग ऐकतं. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं, तरी हे कुठे वाचल्याचं आठवत नाही. या खबरी मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला, आत दडलेल्या इन्सुला नावाच्या घडीत एकत्र होतात.

मॅडमनी मोजमाप दोन प्रकारे केलं.

आधी प्रश्नावली. वुल्फ मेलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ती तयार केली. तेव्हा ३२ प्रश्न होते, २०१८च्या सुधारित आवृत्तीत ३७ झाले. प्रत्येकाला ० ते ५ गुण, आणि प्रश्नांचे आठ गट. मॅडम स्वतःच तोंडी मराठी करून विचारत होत्या. अंगात ताण कुठे धरला आहे ते लक्षात येतं का? श्वास बदलला तर कळतो का? मी ५, ५, ५ सांगत गेले. मनात म्हटलं, यात तर माझ्याइतकं हुशार कुणी नसेल, मला दिवसभर दुसरं काही कळतच नाही. मग गट बदलला. अंगात काही जाणवलं तर काळजी न करता राहता येतं का? शून्य. शेवटच्या गटात विचारलं, तुमचं शरीर तुम्हाला सुरक्षित जागा वाटतं का, त्याच्यावर भरवसा आहे का? तिथे मला रडू फुटलं. दादा गेल्यापासून मी माझ्या अंगात असं राहत होते, जसं धाब्याला तडे गेलेल्या घरात पावसाळ्यात माणूस राहतो, वर बघत बघत.

मॅडमनी पाणी दिलं, थांबल्या, मग कागद माझ्याकडे फिरवला. "सगळ्या गटांची बेरीज केली असती तर तुम्ही मध्यम निघाला असता आणि मला काहीच कळलं नसतं. लक्ष जाण्यात तुम्ही कमी नाही. जाणवलेल्यावर भरवसा नाही, तिथे काम आहे."

दुसरं मोजमाप ठोक्यांचं. राइनर शांड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली लिहिलेली पद्धत आजही वापरतात. आरामात बसायचं, हात मांडीवर, पण एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. नाडी धरायची नाही, छातीवर हात ठेवायचा नाही. फक्त आतून जाणवणारे ठोके मनात मोजायचे. २५ सेकंद, ३५ सेकंद, ४५ सेकंद. किती सेकंद ते आपल्याला सांगत नाहीत. बोटाला ठोके मोजणाऱ्या यंत्राची क्लिप होती, ती मॅडमनी मुद्दाम सैल ठेवली. घट्ट बसली तर बोटातच ठोका जाणवतो आणि मग परीक्षा बोटाची होते, असं त्या म्हणाल्या.

यंत्राने मोजले ३४, ४६, ५८. मी मोजले ४७, ६०, ७१.

दोन्ही आकड्यांतला फरक यंत्राच्या आकड्याने भागायचा आणि एकातून वजा करायचा. तिन्ही वेळांची सरासरी माझी ०.७० आली. कागदावर बरा दिसणारा आकडा. पण मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करू. या वेळी खरंच जाणवलेलाच ठोका मोजा. अंदाज नको. एकही जाणवला नाही तर शून्य सांगा, शून्य चालतं."

या वेळी मी मोजले ९, ११ आणि ६.

हे आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. ४५ सेकंदांत सहा! जी धडधड मला दिवसरात्र ऐकू येते असं मी पाच डॉक्टरांना सांगितलं होतं, ती मला ऐकू येत नव्हती. मी ती धरून चालले होते. डोळे मिटले की माझ्या अंगात चक्कीच घुमते, झोपेतसुद्धा. त्या घुमण्यावर मी ठोके बसवत होते आणि त्यालाच माझं काळीज म्हणत होते.

या चाचणीवर संशोधकांचा मोठा आक्षेप हाच आहे. माणसं ठोका ऐकण्याऐवजी वेळेचा अंदाज घेतात, 'मिनिटाला सत्तर-ऐंशी पडतात' हे ठाऊक असतं त्यावरून आकडा सांगतात, आणि गुण चांगले पडतात. 'फक्त जाणवलेलेच मोजा' असं बजावलं की आकडे धाडकन खाली येतात, हे २०१८ सालच्या अभ्यासात दाखवलं गेलं. म्हणून कुणी तुमचे ठोके मोजून 'तुमचं आतलं भान ७० टक्के' असं सांगितलं तर आधी विचारा, सूचना काय दिली होती.

प्रत्येक फेरीनंतर मॅडम आणखी एक विचारायच्या: खात्री किती, ० ते १०? पहिल्या, चुकलेल्या फेरीला मी ९ सांगितलं होतं. सारा गारफिंकल आणि ह्यूगो क्रिचली या संशोधकांच्या गटाने २०१५ साली मांडलं की इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. खरंच किती अचूक जाणवतं ही एक. आपल्याला किती जाणवतं असं आपल्याला वाटतं ही दुसरी. आणि आपली खात्री आपल्या अचूकतेशी किती जुळते ही तिसरी. माझी खात्री ९, अचूकता जेमतेम. मला वाटतं माझा सगळा आजार त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहत होता. एक ठोका जाणवायचा, त्याच्यावर मी दहा रचायचे, त्या दहांची भीती वाटायची, आणि भीतीने मग खरेच वाढायचे. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्याचं, असंच चक्र मांडलं होतं: साधी संवेदना, तिचा जीवघेणा अर्थ, त्याने भीती, भीतीने आणखी संवेदना. मोटरचा पट्टा जसा एका चाकावरून दुसऱ्यावर फिरत राहतो, तसं. मध्ये कुणी हात घातल्याशिवाय थांबत नाही.

तो हात कुठे घालायचा? इंग्लंडमध्ये १२१ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) प्रौढांवर झालेल्या एका चाचणीबद्दल मॅडमनी सांगितलं. २०२१ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात अर्ध्या लोकांना सहा बैठकांत ठोके ओळखायला शिकवलं. आधी थोडा व्यायाम करायचा म्हणजे ठोका मोठा होतो, मग मोजायचं, मग लगेच खरा आकडा दाखवायचा. उरलेल्यांना दुसऱ्याच्या आवाजावरून भावना ओळखण्याचं शिक्षण दिलं. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ३१ टक्के लोकांचा चिंतेचा आजार उरला नव्हता, दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. सगळ्यांना गुण येत नाही हे यातून दिसतंच. पण शिकवण्याची ती तऱ्हा मला एकदम पटली, कारण मी पीठ ओळखायला अशीच शिकले. सासऱ्यांनी आधी दगड मुद्दाम जास्त घट्ट करून जळकं पीठ हातात दिलं होतं. मग सैल करून भरड दिली. मग विचारलं, "आता सांग, हे कोणतं?"

घरी मी तेच सुरू केलं. गच्चीच्या जिन्याला १४ पायऱ्या. तीनदा चढायचं-उतरायचं, माठाशेजारी पाटावर बसायचं, डोळे मिटायचे. पहिले चार दिवस नुसता श्वासाचाच गलबला. पाचव्या दिवशी ठोका सापडला, आणि तो छातीत नव्हताच. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधल्या खोबणीत होता. मंगळसूत्राचा दोरा तिथे टेकतो, तो दोरा आतून कुणी बोटाने हलकेच उचलावा तसा. मग नाभीच्या वर एक सापडला, खोल, सावकाश. छातीतला सगळ्यात शेवटी, आठवड्याने. माझा खरा ठोका मी दाखवत फिरत होते तेवढा मोठा नव्हताच. गोठ्यात रात्री वासरू अंग हलवतं तेव्हा होते तेवढीच हालचाल.

त्यानंतरचा भाग अवघड. पॅनिकच्या उपचारात डेव्हिड बार्लो या मानसशास्त्रज्ञाने रुळवलेली एक पद्धत आहे. घाबरवणाऱ्या संवेदना मुद्दाम, थोड्या वेळासाठी अंगात आणायच्या आणि त्या आपोआप उतरतात हे स्वतः पाहायचं. खुर्चीत गरगर फिरायचं, एक मिनिट भराभर श्वास घ्यायचा, नाक धरून बारीक नळीतून श्वास घ्यायचा, जागच्या जागी पळायचं. हृदयविकार, दमा, फीट किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झालेल्या होत्या म्हणूनच मॅडमनी हे करू दिलं, आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोरच.

भराभर श्वास घेतला तर चाळीस सेकंदांत मुंग्या. त्याच दिवाळीच्या मुंग्या! ओठांभोवतीचं बधिरपण तसंच. मी मॅडमचा हात घट्ट धरून ठेवला. "काहीच करू नका, फक्त बघा कुठून उतरतं," त्या म्हणाल्या. आधी ओठ मोकळे झाले, मग अंगठे, करंगळी सगळ्यात शेवटी. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फिरण्याच्या वेळी आणखी वेगळं घडलं. त्यांनी खुर्ची गरकन फिरवली, थांबवली, भिंत हलायला लागली, पोटात ढवळलं, आणि मला फुगडी आठवली. लहानपणी भुलाबाईची गाणी म्हणून झाली की मी आणि दादा अंगणात फुगडी घालायचो. मुलींत तो एकटाच मुलगा, पण माझ्याशी खेळायला यायचा. हात सुटून दोघं धुळीत पडायचो, आभाळ गरगर फिरायचं आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पोटात तेच ढवळणं, डोक्यात तीच भोवळ. तेव्हा तिला फुगडी म्हणत होते म्हणून हसू यायचं, आता तिला ॲटॅक म्हणत होते म्हणून मरण दिसायचं. त्या खुर्चीत मी किती दिवसांनी दादासाठी रडले, भीती न वाटता.

मॅडमनी एक वही घालायला सांगितली होती. चक्कीवर उधारीची वही असते तिच्याच शेजारी मी ती टांगली. पाच रकाने: किती वाजता, अंगात कुठे, कसं, ० ते १० किती, आधी काय खाल्लं-प्यालं-केलं. पहिल्या आठवड्यात 'कसं' या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'कसंतरी'. मॅडमनी वही परत दिली. 'कसंतरी' चालणार नाही म्हणाल्या.

शब्द दिले ते रांगेतल्या मावशीने. ती रोजमजुरीला जाते, कधी शाळेत गेली नाही. एकदा पीठ होईपर्यंत पोत्यावर बसली होती. मी विचारलं, "मावशी, जीव घाबरते म्हणजे नेमकं काय होते व?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी भाकर म्हणजे काय विचारलं. "जीव घाबरनं अलग, जीव कासावीस होनं अलग. घाबरते तवा हे इथं फडफडते," तिने गळ्याला हात लावला. "कासावीस होते तवा पोटापासून वर वर येते, पानी मागते. अन् धस्स होनं तं एकदाच होते, धस्स झालं अन् गेलं. तगमग म्हंजे बसू बी देत नाई अन् निजू बी देत नाई. पोटात खड्डा पडते ते अलग, गोळा येते ते अलग. तुले कोनतं होते?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. फडफड, धडधड, धस्स, काहिली, कणकण, कसकस, ठणका, कळ, पिळवट, मळमळ, उमाळा, भोवळ, हातपाय गळणं, ऊर भरून येणं, अंग मोडून येणं. आपल्या भाषेत हा केवढा साठा आहे! दवाखान्यात मात्र आपण 'टेन्शन' आणि 'कसंतरी' हे दोनच शब्द घेऊन जातो आणि डॉक्टरही त्यावरच भागवतात. माझं ठाम मत आहे की आमच्याकडे कुणी या विषयावर प्रश्नावली करणार असेल तर त्याने आधी मावशीसारख्यांच्या शेजारी पोत्यावर बसावं.

शब्द मिळाल्यावर वही बोलायला लागली. दोन आठवड्यांत ११ नोंदी झाल्या, त्यातल्या सात दुपारी चार ते पाचच्या. आणि त्या सातही दिवशी शेवटच्या रकान्यात एकच: सकाळी चहा-पोळी, मग नुसता चहा. सकाळी थ्री-फेज असते म्हणून मी जेवण टाळत होते. चारच्या सुमाराला पोटात खड्डा, हाताला कंप, वरच्या बाजूला फडफड. ती भूक होती. भुकेला मी मरण समजत होते. उरलेल्यांपैकी दोन नोंदी टिनाखालच्या उकाड्याच्या. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश होतं, चक्कीच्या टिनाखाली मोटरची धग वेगळी. अंगातलं पाणी कमी झालं की हृदयाला जोरात चालावंच लागतं. आणि दोन नोंदी पाळीच्या आधीच्या काहिलीच्या. तुमच्या नोंदींत दुसरं काही निघेल. माझ्या बऱ्याच भीतीवर उपाय निघाला तो एक वाजताची भाकर आणि माठातलं पाणी.

आमच्या वस्तीतली एक काकू इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आली होती. तिने सांगितलं की तिथे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या वेदना पाहायला शिकवतात. मी दचकले. ती म्हणाली, पालीत वेदना म्हणजे दुखणं नाही, जे जाणवतं ते सगळं वेदना. सुखाची, दुःखाची आणि दोन्ही नसलेली. मराठीत येईपर्यंत त्यातली एकच उरली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मॅडमनी मात्र एक सावध गोष्ट सांगितली. वर्षानुवर्षं ध्यान करणारे लोक ठोके ओळखण्यात इतरांपेक्षा सरस नसल्याचं २००८ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे ध्यानाने जे बरं वाटतं ते ठोका जास्त अचूक कळल्यामुळेच असं म्हणता येत नाही. कदाचित जे कळतं त्याच्याशी भांडण थांबतं म्हणून असेल. माझं भांडण तसं थांबलं, एवढं मी स्वतःपुरतं सांगू शकते.

पण ज्याला काही जाणवतच नाही, किंवा जाणवलेलं जो बाजूला सारतो, त्याचं काय? हा प्रश्न मला जास्त छळतो. दादाच्या वर्षश्राद्धाला मी वहिनीला शेवटी विचारलं, त्या रात्री तो आणखी काय म्हणाला होता. वहिनी भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हनत होते, जबडा दुखून रायला, दाढ असंन. अन् घाम लय येत होता. म्या म्हटलं, गर्मी हाय."

जबडा, घाम, जळजळ. सगळ्या खबरी आल्या होत्या. साखरेच्या जुन्या आजारात नसा बोथट होतात आणि छातीतलं दुखणं नीट जाणवतच नाही, असं पुष्कळांचं होतं. शिवाय आमच्याकडे बाप्याला दुखणं सांगायची लाज. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा दादाही फवारत होता. डोळ्यापुढे धुरकट दिसतं, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं, असं संध्याकाळी सांगायचा, आणि सकाळी पंप पाठीवर घ्यायचा. "उन्हानं होते," म्हणायचा. अंगाची पहिली खबर ऐकून त्याच वेळी पंप खाली ठेवणं, अंग धुणं, दवाखाना गाठणं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एका आईची आम्ही दोन लेकरं. त्याला कमी ऐकू आलं, मला नसलेलंही ऐकू आलं. दोघांनाही शिकायचं एकच होतं.

म्हणून एक स्पष्ट लिहिते. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात दुखणं, दरदरून घाम, असं पहिल्यांदा झालं तर वही काढायची नाही, आधी ईसीजी. ठोके मोजणं हे सगळं त्यानंतरचं. आणि जवळ समुपदेशक नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, सरकारी आणि मोफत, मराठीत बोलता येतं.

गेल्या महिन्यात मॅडमनी पुन्हा ४५ सेकंद लावले. यंत्राचे ५२, मला जाणवलेले ३१, खात्री ६. पहिल्यासारखी ९ नाही. त्या ६ चा मला ३१ पेक्षा जास्त आनंद झाला. धडधड अजून होते. यंदाही दिवाळीच्या गर्दीत झाली. मोटर चालूच ठेवली, पोत्यावर टेकले, गळ्याच्या खोबणीत ठोका शोधला, रांगेला म्हटलं, "दोन मिनिटं थांबा."

परवा मावशी आली. दळण नव्हतं तिच्याकडे. वहीकडे बोट दाखवून म्हणाली, "मायं बी लिही." मी नवीन पान घेतलं. सकाळी दहा. छातीत नाही, डाव्या बरगडीखाली. ओढल्यासारखं. चार. पायाला आठ दिवसांपासून मुंग्या, चप्पल निसटली तर कळत नाही. तहान लय लागते, रात्री तीनदा उठते.

मी पेन ठेवला. उद्या सकाळच्या एसटीने तिला दारव्ह्याला नेते आहे, ईसीजी काढायला आणि साखर तपासायला. उपाशीपोटी यायला सांगितलंय, भाकर मी बांधून घेतली आहे.